मुशीतला धोंडा

काचेच्या भट्टीतली मोठी मूस फोडली आणि आतून काचेऐवजी धोंडा निघाला, तेव्हा सगळ्यांनी आधी जावईबुवांकडे पाहिलं.

तशी तिथली पद्धतच होती. कुणाच्या फुंकनळीवरचा काचेचा फुगा फुटो, वाळूत खडे येवोत, दारातलं कुत्रं लंगडो, माना आपोआप तिकडे वळत. सासऱ्याची भट्टी, सासऱ्याचं घर, अंगातला कोटसुद्धा सासऱ्याचाच उतरवलेला. माणसाकडे स्वतःचा म्हणून निदान एखादा दोष तरी असावा, अशी कारागिरांची प्रामाणिक भावना होती.

धोंडा मात्र अस्सल होता. राखाडी, खरबरीत, आणि हातोडी घातली की आत सुयांसारखे बारीक कण चमकत. गावामागच्या डोंगरात जो काळा दगड मिळतो, त्याचा जणू गोरा भाऊ. आणि आदल्याच दिवशी त्याच मुशीत कंदिलांच्या काचांसाठी मधासारखा रस तयार होता! मुकादमाच्या मुलीचं लग्न म्हणून सगळे परगावी गेले होते, आणि आगीवर लक्ष ठेवायला मागे एकटे जावईबुवा होते.

"आपण काय केलंत, ते कृपा करून सांगाल का?" सासरे म्हणाले. सासरे रागावले की आवाज चढवत नसत, समोरच्याचा मान वाढवत. 'कृपा करून'पर्यंत गोष्ट गेली म्हणजे ती हाताबाहेर गेली असं समजायचं.

"काही नाही केलं, मामा."

"आग?"

"चालू होती."

"सबंध वेळ?"

"सबंध वेळ," जावईबुवा म्हणाले. तोंडातून गेलं ते गेलं, आणि गेलं ते खोटं होतं.

खरं असं होतं, की दुपारी जेवण करून, फावडं मांडीवर घेऊन ते भिंतीला टेकले. भट्टीची ऊब पाठीला अशी लागत होती, की कुणी मायेने हात फिरवावा. डोळे मिटले, तेही नुसते मिटण्यापुरते. उघडले तेव्हा बाहेर उजाडलं होतं, भट्टीच्या खालच्या दारात एक निखारा शिल्लक नव्हता, आणि आपण कोण, कुठे आहोत, आपलं लग्न झालंय की व्हायचंय, यातलं काही त्यांना उमगेना. मग त्यांनी हाताला लागेल ते जाळलं. लाकडं, कोळसा, टोपल्या, बसायचं स्टूल. मंडळी परतली तोवर भट्टी पुन्हा धडधडत होती. मुशीत डोकवायचं तेवढं राहून गेलं.

आता हे सांगायचं कसं? ती आग सासऱ्यांच्या आजोबांनी लावलेली. एकदा पूर आला, तेव्हा म्हणे आजोबा भट्टीच्या दारात स्वतः आडवे पडले आणि पाणी छातीवर अडवलं. पाठ इतकी तापली होती, की पुढे कित्येक दिवस आजीबाई त्यांना पालथं झोपवून धुतलेल्या कपड्यांना इस्त्री करीत. अशा आगीच्या राखणीवर जो झोपेल त्याला त्याच दिवशी बाहेरचा रस्ता. कारण विचारायचं नाही, रडगाणं ऐकायचं नाही. सासऱ्यांनी सख्ख्या धाकट्या भावाला काढलं होतं, आणि तो तर नुसता लांबलचक जांभई देताना सापडला होता.

आणि जावईबुवांना जायचं नव्हतं. कोट सासऱ्याचा असला तरी नळीच्या टोकाला जेव्हा रसाचा गोळा हळूहळू फुगतो आणि आपला श्वास आपल्याला डोळ्यांनी दिसायला लागतो, त्या गोष्टीची त्यांना चटक लागली होती. नुकताच त्यांनी पहिला चंबू फुंकला होता. एका बाजूला कलंडायचा, पण पाणी धरायचा.

*

धोंड्याची बातमी गावात फुटली आणि विद्यालयातले दोन मास्तर धापा टाकत आले. दोघांचाही विषय एकच, पृथ्वीचा पृष्ठभाग कसा झाला. त्यामुळे दोघांचं एकमेकांशी अजिबात पटत नसे. कारागिरांनी त्यांना केव्हाच नावं ठेवली होती. उंच, वाळका, बारमाही सर्दीवाला तो पाणबुडे मास्तर. ठेंगणा, लालबुंद, बाह्या जळलेला तो आगलावे मास्तर.

"फार फार पूर्वी," पाणबुडे मास्तरांनी रुमालातून सुरुवात केली, "सगळ्या पृथ्वीवर एकच समुद्र होता. कालवलेल्या चुन्यासारखा दाट आणि गढूळ. तो निवळत गेला, गाळ तळाशी बसत गेला, थरावर थर. ते थर म्हणजेच हे डोंगर. पाणी तापवायच्या भांड्याला आतून पांढरं कीट चढतं ना? आपण सगळे त्या किटावर राहतो."

"आणि तो समुद्र गेला कुठे?" आगलावे मास्तर म्हणाले. "बाटलीत भरून ठेवलात? अहो, आग! पृथ्वीच्या पोटात आग आहे. दगड आत वितळतो, भेगांतून वर घुसतो, जमीन उचलून धरतो. तुमच्या गाळाला उभं कुणी केलं असतं हो? नुसता पसरला असता आळशासारखा."

"वितळलेला दगड निवला की काय होतं?" पाणबुडे मास्तरांनी शांतपणे नाक पुसलं. "काच होते. या भट्टीत रोज होते. मग डोंगर काचेचे का नाहीत? सांगा ना. गेली कित्येक वर्षं विचारतोय."

या प्रश्नावर आजवर आगलावे मास्तरांची बोलती बंद होत असे. आज त्यांनी खाली वाकून धोंडा उचलला आणि कारागिरांदेखत त्याचा मुका घेतला.

"हे घ्या उत्तर! रस होता, दगड झाला. आगीतून दगड!"

"मुशीत कुणीतरी दगड टाकलेत, दुसरं काही नाही."

"कुणी टाकलेत?"

पुन्हा सगळ्या माना जावईबुवांकडे वळल्या.

पाणबुडे मास्तरांचं बोलणं मोठं गोड आणि पटणारं होतं. तुम्ही एकटे होतात, ते म्हणाले, कंटाळला असाल. माणूस कंटाळला की हाताला चाळा लागतो. बाहेर दगड पडलेलेच आहेत, एखादा उचलला असेल, टाकला असेल, मग आणखी एक. ऐकता ऐकता जावईबुवांना वाटू लागलं, की टाकलेही असतील बुवा. झोपेत माणूस काय काय करतो! त्यांची आत्या झोपेत उठून शेजाऱ्यांचं अंगण झाडून यायची. की आपण घोरत असताना दुसऱ्याच कुणी येऊन टाकले? की कुणीच नाही, आणि आगलावे मास्तर म्हणतात तसं आपोआप झालं? पण ते म्हणतात आगीने झालं, आणि आग तर नव्हती. जावईबुवांचं डोकं भणभणायला लागलं. सगळ्या जगात फक्त त्यांनाच ठाऊक होतं की आग विझली होती, आणि विझल्यावर काय झालं ते त्यांनासुद्धा ठाऊक नव्हतं.

सासऱ्यांनी निवाडा दिला. "दगड आपोआप झाला असेल, तर आपला काही दोष नाही. टाकला असेल, तर आपण आपल्या थोरल्या बंधूंकडे सुखाने राहावं. तेव्हा कृपा करून पुन्हा करून दाखवा. अगदी तस्संच."

*

चूक करणं सोपं असतं. तीच चूक ठरवून करणं, आणि ती काय होती हे कुणाला न सांगता करणं, म्हणजे डोळे मिटून आरशात बघण्यातला प्रकार.

जावईबुवांनी सांगितल्याप्रमाणे केलं, म्हणजे आग चालू ठेवली. सबंध वेळ. आगलावे मास्तर शेजारी बसून कोळशाच्या प्रत्येक फावड्याला मान डोलवत होते. मूस उघडली, आत काच. स्वच्छ, निथळ, कंदिलाला लावावी अशी. सासऱ्यांना तिचा आनंदही होईना आणि रागही धड येईना.

मग आगलावे मास्तरांनी आग वाढवायला लावली. काच. वाळू बदलली. काच. उत्तरेला तोंड करून कोळसा टाकायला लावला, कारण पहिल्या वेळी जावईबुवांचं तोंड उत्तरेला होतं असं त्यांना पक्कं वाटत होतं. काच, काच, काच. इतकी सुंदर काच त्या भट्टीत कधी झाली नव्हती. कारागीर हळहळत होते, की एरवी सगळ्यावर पाणी फिरवणारा माणूस, नको तेव्हा कामात चोख निघाला.

पाणबुडे मास्तर दारात उभे राहून प्रेमाने विचारत, "मग? कबूल करताय का?"

शेवटी सासरे म्हणाले, "आता एकदाच. परवा. आग मी स्वतः सांभाळेन. कारागीर नकोत, गर्दी नको. आपण तेवढे समोर बसावं."

त्या संध्याकाळी जावईबुवांनी बायकोला खरं ते सांगून टाकलं. ती माळ्यावरच्या खोलीत कंदिलाची काच पुसत होती. पुसायची थांबली नाही.

"म्हणजे झोपलात."

"डोळा लागला."

"उजाडेपर्यंत लागला तर त्याला डोळा म्हणत नाहीत. झोपलात."

"झोपलो."

"हे बाबांना सांगितलंत तर आजच काढतील. नाही सांगितलंत तर परवा काढतील." तिने काचेत फुंकर घातली. "मला विचाराल तर परवा बरा. मध्ये उद्याचा दिवस मिळतो."

"आणि मला काढलं तर तू?"

"ते मला विचारू नका. थोरल्या जाऊबाईंच्या हाताखाली राहायचं म्हटलं की माझ्या पोटात दुखतं, आणि तुम्हाला एकट्याला पाठवायचं म्हटलं की अजून वर दुखतं. कुठलं दुखणं खरं ते मलाही कळत नाही." तिने काच कंदिलावर बसवली. "आग मंद होत गेली, का एकदम विझली?"

"झोपलो होतो म्हणतोय ना! मला काय माहीत?"

"बरं, बरं. परवा त्या दोघांना आणि बाबांना जेवण माझ्याकडे. भट्टीतच वाढते."

"जेवण? माझ्या गळ्याशी आलंय आणि तुला जेवण सुचतंय?"

"पाहुण्यांना उपाशी ठेवू का?" ती म्हणाली. जावईबुवांना तिच्या शांतपणाचा फार राग आला, आणि त्या रागात त्यांना दोन्ही रात्री झोप आली नाही.

*

परवाचा दिवस उजाडला. पाणबुडे मास्तरांनी जावईबुवांचे खिसे तपासले, बोटांच्या बेचक्या तपासल्या, तोंड उघडायला लावून जिभेखालीही पाहिलं. मग भट्टीपासून दूर भिंतीशी बसवलं आणि सांगितलं, "हात मांडीवर. उठायचं नाही. बोलायचं नाही. काही हललेलं दिसलं की मी समजेन दगड आला."

सासरे फावडं घेऊन खालच्या दाराशी बसले. मुशीत रस मधासारखा झाला. मग बायको जेवण घेऊन आली.

तिने वाढताना हात असा सैल सोडला होता, की ताटाचा काठ दिसेना. तूप कमी पडू दिलं नाही. आगलावे मास्तरांनी नको म्हटलं, तर म्हणाली, "आगीच्या माणसाला तूप नको?" पाणबुडे मास्तरांनी नको म्हटलं, तर म्हणाली, "सर्दीला चांगलं असतं." वडिलांनी नको म्हटलं, तेव्हा तिने नुसतंच वाढलं. जावईबुवांच्या ताटात मात्र चार घास होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, तिने ताटाकडे पाहिलं, आणि भांडी घेऊन ती निघून गेली. काय चाललंय ते त्यांना कळेना. शेवटच्या दिवशी नवऱ्याला अर्धपोटी ठेवते ही बाई!

जेवणानंतर मास्तरांचा वाद सुरू झाला. पाणबुडे मास्तर समुद्राचे थर सांगू लागले, खालून वर, एकही न गाळता. आगलावे मास्तर मध्ये मध्ये "खोटं" म्हणत होते. मग "खोटं" ऐकू यायला उशीर होऊ लागला. मग ते एका थराआड येऊ लागलं. मग आगलावे मास्तरांची हनुवटी छातीवर टेकली. पाणबुडे मास्तर कुठल्याशा वाळूच्या थरापाशी येऊन थांबले, आणि त्यांच्या नाकातून समुद्राची गाज येऊ लागली.

सासरे सरळ बसले होते. फावडं उभं, पाठ ताठ, डोळे उघडे. मग डोळे अर्धे. मग फावडं हळूच भिंतीला टेकलं आणि सासरे फावड्याला टेकले.

जावईबुवांनी श्वास रोखून धरला.

पहिल्यांदा त्यांना वाटलं, ही परीक्षा आहे. मग सासरे घोरले. असं घोरणं कुणाला सोंग म्हणून जमलं नसतं.

खालच्या दारातला उजेड पिवळ्याचा नारिंगी झाला. एक खोकला पुरे होता. नुसता एक खोकला, की सासरे दचकून उठतील, कोळसा टाकतील, आजोबांची आग वाचेल, मुशीत काच होईल आणि आपण थोरल्या भावाकडे जाऊ. आणि खोकला तर असा घशाशी आला होता, की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्या दिवशी जागायचं होतं तेव्हा आपण झोपलो. आज सगळे झोपलेत, आणि जागे आपण, तर ती आग मरताना बघायची? की उठवायचं? बसून राहणं हा विश्वासघात, की मास्तरांनी घातलेली शिस्त? हात मांडीवर, बोलायचं नाही, उठायचं नाही. इतका आज्ञाधारक जावई कुणी पाहिला नसेल, आणि इतका हरामखोरही.

उजेड नारिंगीचा लाल झाला. भट्टीच्या भिंती पुरुषभर जाड, त्यामुळे ऊब हळूहळू उतरत होती, जशी एखाद्या म्हाताऱ्याच्या बोलण्यातली धार उतरत जाते आणि त्याला पत्ता नसतो. बाहेर अंधारलं. जावईबुवा पाहत राहिले. एरवी बाहेर काढताच घटकेत निवणारा रस आज मुशीतच सावकाश निवत होता. मुशीपाशी कुणी आलं नाही. कुणी काही टाकलं नाही. खोकला त्यांनी गिळला, परत आला, परत गिळला. लालाचा काळा कधी झाला ते मात्र त्यांनाही सांगता आलं नसतं.

*

उजाडता उजाडता सासऱ्यांना जाग आली. त्यांनी आधी दारात हात घातला. मग सबंध दंड घातला. मग त्यांचा चेहरा असा झाला, की जावईबुवांना वाटलं आता हे रडतील.

समोर दोन मास्तर गाढ झोपलेले. भिंतीशी जावई, हात मांडीवर, डोळे टक्क उघडे.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग सासरे उठले आणि चपला काढून, चवड्यांवर, लाकडं आणायला गेले. जावईबुवाही उठले. दोघांनी मिळून, तोंडातून ब्र न काढता, भट्टी भरली. सासऱ्यांनी आगकाडी ओढली, जावईबुवांनी आपला हात त्यांच्या हाताभोवती धरला. जाळ लागला. सासऱ्यांनी फुंकायला तोंड पुढे केलं, जावईबुवांनीही केलं, आणि दोघांची डोकी एकमेकांवर आपटली. तरी कुणी 'अयाई' म्हटलं नाही.

भट्टी धडधडू लागल्यावर पाणबुडे मास्तर दचकून उठले. "वाळूचा थर!" ते म्हणाले, आणि मग, "आग?"

"चालू आहे," सासरे म्हणाले.

"सबंध वेळ?"

सासऱ्यांनी जावयाकडे पाहिलं नाही. "आमच्या आजोबांपासून," ते म्हणाले.

मूस बाहेर काढली, फोडली. आत धोंडा. राखाडी, खरबरीत, पोटात सुया. आगलावे मास्तरांनी आनंदाने पाणबुडे मास्तरांना मिठी मारली, मग आठवण होऊन ढकलून दिलं. पाणबुडे मास्तर जावईबुवांच्या जिभेखाली पुन्हा पाहून आले. "मी डोळे मिटून थर आठवत होतो," ते म्हणाले, "तेवढ्यात कुणी टाकला असेल."

"कुणी टाकला नाही," सासरे म्हणाले. "मी जागा होतो. माझ्या जावयाने जागचं बोटसुद्धा हलवलं नाही. त्यांच्यावर पुन्हा कुणी बोट दाखवलं, तर त्या माणसाने कृपा करून या दारात येऊ नये."

झालं. जावईबुवा राहिले. मास्तर भांडत भांडत निघून गेले, एक धोंडा दोघांत ओढत. जावईबुवांनी बायकोला विचारलं, "तू मुद्दाम केलंस ना?" ती म्हणाली, "काय? तूप?" तिला किती ठाऊक होतं आणि तिने किती अंदाजाने केलं, याचा उलगडा त्यांना पुढे कधी झाला नाही.

आगलावे मास्तरांचं मात्र काही खरं नव्हतं. ते रोज येऊ लागले. आग पेटती ठेवून ते प्रयोग करत, आणि प्रत्येक वेळी मुशीत निथळ काच निघे. विद्यालयात पाणबुडे मास्तर पोरांना सांगत होते, की बघा, सगळा जुना समुद्रच. आगलावे मास्तर वाळत चालले, लाली उतरली, आता तर त्यांनाच सर्दी झाली. एके दुपारी ते भट्टीपाशी डोकं धरून बसले.

"काहीतरी राहतंय," ते म्हणाले. "मालक, तुम्ही जागे होतात. जावईबुवा, तुम्ही दोन्ही वेळा होतात. आठवा हो! काय वेगळं होतं? आग होती, रस होता, मग?"

खरं सांगावं तर सासऱ्यांची अब्रू जाते, न सांगावं तर या भल्या माणसाचा डोंगर कायमचा पाण्यात जातो. जावईबुवांनी सासऱ्यांकडे पाहिलं. सासरे छताकडे पाहत होते, जणू तिथे काही लिहिलंय.

"मास्तर," सासरे छताकडेच बघत म्हणाले, "जेवलात का?"

"आता जेवण कुठलं सुचतंय!"

"नाही, जेवाच. भरपूर जेवा. आणि मग इथंच जरा पडा." त्यांनी खालच्या दाराकडे पाठ फिरवली आणि स्वतःची चटई उलगडली. "मीही पडतो. जावईबुवा, तुम्हीही पडा. दमलोय आपण सगळे."